‘भोपाळ’ आणि ‘भोपाल’ : प्रोग्रॅममधील प्रकारांना घातलेल्या अटी

वास्कोहून दिल्लीकडे निघणारी गोवा एक्सप्रेस वाटेत बेळगाव, भुसावळ आणि भोपाळ ही स्थानके घेते. मराठी लेखनात या तिन्ही नावांत ‘ळ’ आहे. हिंदी लेखनात तिन्ही ठिकाणी ‘ल’ येतो आणि मध्य प्रदेशाची राजधानी ‘भोपाल’ होते. वाचणाऱ्या माणसाला शहर एकच असल्याचे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते सांगावेच लागते. युनिकोडच्या तक्त्यात ‘ल’ला ०९३२ हा क्रमांक आहे आणि ‘ळ’ला ०९३३. क्रमांक वेगळे, म्हणून अक्षरे वेगळी आणि म्हणून नावेही वेगळी, एवढेच त्याला कळते.

अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. दोन गोष्टी समान केव्हा मानाव्यात? आणि दोहोंपैकी आधी कोणती धरावी? प्रवाशांची यादी, मतदारयादी, रुग्णालयाची नोंदवही, निकालपत्र अशा कोणत्याही कामाचा प्रोग्रॅम या दोन प्रश्नांवर उभा असतो. त्यांची उत्तरे प्रोग्रॅममध्ये कोठे आणि कशी नोंदवावीत याचा सर्वाधिक काटेकोर विचार फंक्शनल प्रोग्रॅमिंग या शाखेत झाला. त्या विचाराचे फळ म्हणजे प्रकारचलांना घातलेल्या अटी होत.

प्रकार आणि प्रकारचल

प्रोग्रॅममधील प्रत्येक माहितीला एक प्रकार, म्हणजेच टाइप असतो. पूर्णांक हा एक प्रकार, मजकूर हा दुसरा, तारीख हा तिसरा. फंक्शन म्हणजे काही माहिती घेऊन काही माहिती परत देणारी क्रिया. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये संपूर्ण प्रोग्रॅम अशा फंक्शनांच्या जुळणीतून उभा राहतो. एखादे फंक्शन कोणत्या प्रकारची माहिती घेते व कोणत्या प्रकारची देते, हे सांगणाऱ्या ओळीला त्याची स्वाक्षरी म्हणता येईल.

काही कामांना माहितीच्या प्रकाराशी कर्तव्य नसते. यादीत किती घटक आहेत हे मोजण्यासाठी ते घटक आकडे आहेत की नावे हे पाहावे लागत नाही. अशा फंक्शनाच्या स्वाक्षरीत ठराविक प्रकाराऐवजी एक चल लिहिले जाते:

लांबी :: [अ] → पूर्णांक

येथे ‘अ’ हे प्रकारचल, म्हणजेच टाइप पॅरामीटर आहे. चौकटी कंसाचा अर्थ ‘यादी’. ‘कोणत्याही प्रकाराच्या घटकांची यादी द्या, पूर्णांक मिळेल’ असा या ओळीचा अर्थ होतो. अशा फंक्शनांना जेनेरिक म्हणतात. एकदा लिहिलेले फंक्शन सर्व प्रकारांना चालते, हा त्यांचा उघड लाभ आहे.

दुसरा लाभ चटकन लक्षात येत नाही. ‘अ’ काय आहे हे फंक्शनाला ठाऊकच नसल्यामुळे ते घटकांमध्ये डोकावू शकत नाही, त्यांची तुलना करू शकत नाही आणि पदरचा नवा घटक घालूही शकत नाही. ‘अ’ची यादी घेऊन ‘अ’चीच यादी परत देणारे फंक्शन फार तर घटकांची जागा बदलील, काही गाळील किंवा काही पुन्हा देईल. आतील मजकूर न वाचता, केवळ स्वाक्षरी पाहून ही खात्री मिळते. जॉन रेनॉल्ड्स यांनी १९८३ मध्ये या गुणधर्माची गणिती मांडणी केली, आणि १९८९ मध्ये फिलिप वॅडलर यांनी स्वाक्षरीवरून असे निष्कर्ष ‘फुकट’ कसे हाती येतात ते दाखवले. फंक्शनाला जितके कमी ठाऊक, तितकी त्याच्याविषयीची खात्री अधिक, असे हे उलटे वाटणारे नाते आहे.

अट केव्हा लागते

सर्वच कामे अशी डोळे झाकून होत नाहीत. यादीत एखादे नाव आहे का, हे शोधायचे तर दोन नावे समान आहेत की नाहीत हे ठरवता आले पाहिजे. यादी क्रमाने लावायची तर कोणते नाव आधी, हे सांगता आले पाहिजे. अशा वेळी ‘कोणताही प्रकार चालेल’ हे विधान खोटे ठरते. ‘ज्या प्रकारात क्रम ठरलेला आहे असा कोणताही प्रकार चालेल’ हे विधान खरे असते. हॅस्केल या फंक्शनल भाषेत ते असे लिहिले जाते. मूळ लेखन रोमन लिपीत असते, येथे ते देवनागरीत दिले आहे:

सॉर्ट :: ऑर्ड अ ⇒ [अ] → [अ]

दुहेरी बाणाच्या डावीकडे जे आहे ती अट. ‘ऑर्ड’ हे क्रम लावता येणाऱ्या प्रकारांच्या वर्गाचे नाव आहे. समानता तपासता येणाऱ्या प्रकारांच्या वर्गाला ‘ईक्यू’ म्हणतात. ज्यांचा क्रम लावता येतो त्यांची समानताही तपासता आलीच पाहिजे, म्हणून ‘ऑर्ड’मध्ये येणारा प्रत्येक प्रकार आधी ‘ईक्यू’मध्ये असावा लागतो. अशा वर्गांना टाइप क्लास म्हणतात. एखादा प्रकार वर्गात दाखल करायचा म्हणजे त्या वर्गाने मागितलेल्या क्रिया त्या प्रकारासाठी लिहून द्यायच्या. या नोंदीला इन्स्टन्स असे नाव आहे.

अट पाळली गेली आहे की नाही, हे प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच कंपायलर तपासतो. पूर्णांकांची यादी ‘सॉर्ट’ला दिली तर काम होते. फंक्शनांची यादी दिली तर कंपायलर तेथेच थांबतो, कारण फंक्शनांना क्रम नाही. दोन फंक्शने प्रत्येक वेळी समान उत्तर देतात का, हे सर्वसाधारणपणे ठरवताच येत नाही, म्हणून त्यांना ‘ईक्यू’मध्येही स्थान नाही. ही चूक वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्याऐवजी लिहिणाऱ्याच्याच मेजावर पकडली जाते.

कल्पनेचा उगम

ख्रिस्तोफर स्ट्रॅची या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये कोपनहेगन येथील व्याख्यानांत बहुरूपतेचे दोन भेद सांगितले. सर्व प्रकारांना एकाच रीतीने लागू पडणारी क्रिया हा पहिला भेद. यादीची लांबी मोजणे त्यात बसते. नाव एकच, पण प्रकारागणिक कृती वेगळी, हा दुसरा. पूर्णांकांची बेरीज आणि दशांश अपूर्णांकांची बेरीज यांना चिन्ह एकच असले तरी यंत्राच्या पोटात त्या निरनिराळ्या रीतींनी होतात.

पहिल्या भेदाचा पाया रॉबिन मिल्नर यांच्या १९७८ मधील निबंधाने आणि त्यांच्या एमएल या भाषेने भक्कम केला. दुसऱ्या भेदाबाबत मात्र प्रत्येक भाषेने आपापली तडजोड केली. स्टँडर्ड एमएलमध्ये समानता तपासता येणाऱ्या प्रकारांसाठी खास चले ठेवली गेली. डेव्हिड टर्नर यांच्या मिरांडा भाषेत समानता सर्वांना खुली होती. दोन फंक्शनांची तुलना केल्यास चालता प्रोग्रॅम चूक दाखवून थांबे.

जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे झालेल्या परिषदेत फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी टाइप क्लासची कल्पना मांडली. त्यांची युक्ती साधी होती. अट असलेल्या फंक्शनाला कंपायलर गुपचूप एक जादा वस्तू देतो. त्या प्रकारासाठी समानता कशी तपासावी, क्रम कसा लावावा, अशा क्रियांची ती जंत्री असते. या जंत्रीला संगणकशास्त्रात ‘शब्दकोश’ असेच म्हणतात. अट म्हणजे ‘मला असा शब्दकोश हवा’ ही मागणी आणि इन्स्टन्स म्हणजे तो शब्दकोश. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव दिलेल्या हॅस्केल भाषेचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला. त्यात ही व्यवस्था होती आणि पुढे तीच त्या भाषेची ओळख बनली.

एक लिपी, दोन क्रम

शब्दकोश एकच असला पाहिजे की अनेक चालतील, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. देवनागरी लिहिणाऱ्यांना तो रोजच्या व्यवहारात भेटतो.

युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि त्यापुढे ‘क्ष’ व ‘ज्ञ’. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेसंबंधी काढलेल्या निर्णयातही ‘ळ’ला तेच स्थान आहे. गोव्यातील साळगाव आणि सावर्डे ही दोन नावे घ्यावीत. संगणकाच्या क्रमांकांप्रमाणे साळगाव आधी येईल. मराठी वर्णक्रमाने सावर्डे आधी येईल. दोन्ही क्रम आपापल्या जागी सुसंगत आहेत. ते एकाच कामात मिसळले तर घोटाळा होतो.

भोपाळ हे अशा मिसळणीचे स्वाभाविक ठिकाण आहे. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कर्मचारी कुटुंबांसह तेथे गेले. शिंदे आणि होळकरांच्या काळापासून ग्वाल्हेर व इंदूर येथे वसलेल्या मराठी घराण्यांतील मंडळीही राजधानीत आली. त्यांची आडनावे हिंदी कारभाराच्या देवनागरी याद्यांत लिहिली जाऊ लागली.

अशा एखाद्या यादीत साठे, साळवी आणि सावंत ही तीन आडनावे युनिकोडच्या क्रमाने लावली आहेत, असे समजावे. क्रमाने लावलेल्या यादीत संगणक मधल्या नावापासून शोध सुरू करतो आणि हवे ते नाव आधीचे असेल तर पुढचा भाग पाहतच नाही. आता मराठी क्रम मानणाऱ्या फंक्शनाने ‘सावंत’ हे नाव शोधायला घेतले. मधले नाव साळवी. मराठी क्रमाने सावंत हे साळवीच्या आधीचे, म्हणून शोध डावीकडे वळला. तेथे केवळ साठे. शोध संपला आणि उत्तर आले : असे नाव नाही. सावंत तर यादीतच आहेत. कोणतीही माहिती पुसली गेली नाही, कोणताही इशारा मिळाला नाही, आणि यादीतला माणूस यादीत नसल्याचे ठरले. निवृत्तिवेतनाची किंवा औषधोपचाराची नोंद अशी हरवली, तर त्या माणसाला आपले अस्तित्व सिद्ध करण्यासाठी खिडकीपुढे उभे राहावे लागते.

हॅस्केलने यावर कठोर नियम ठेवला. एका प्रकारासाठी एका वर्गात एकच इन्स्टन्स असावा. त्यामुळे यादी रचणारे आणि शोधणारे फंक्शन निरनिराळ्या ठिकाणी लिहिले असले, तरी दोघांच्या हाती शब्दकोश एकच येतो. मग मराठी क्रम हवा असेल तर काय करावे? त्यासाठी मजकुरावर वेष्टन चढवून नवा प्रकार करायचा, त्याला ‘मराठी मजकूर’ असे नाव द्यायचे आणि त्याचा स्वतंत्र ‘ऑर्ड’ इन्स्टन्स लिहायचा. हॅस्केलमध्ये या सोयीला न्यूटाइप म्हणतात आणि तिच्यासाठी चालत्या प्रोग्रॅमला वेगळा वेळ किंवा जागा खर्चावी लागत नाही. आता साध्या मजकुराची यादी आणि मराठी मजकुराची यादी हे दोन भिन्न प्रकार झाले. एकीत दुसरीच्या क्रमाने शोधू पाहिले तर कंपायलर नकार देतो. शांतपणे घडणारी चूक अशा रीतीने बोलकी होते.

मराठी क्रमाचे तपशील प्रत्येकाने नव्याने लिहिण्याचीही गरज नाही. युनिकोड संघाच्या सीएलडीआर या भाषाविषयक भांडारात मराठीसाठी स्वतंत्र क्रमनियम आहेत आणि त्यांत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांना ‘ह’नंतर स्थान आहे.

ओकॅमल भाषेने वेगळा मार्ग धरला. तेथे संचाची रचना करतानाच तुलनेची पद्धत असलेले मॉड्यूल द्यावे लागते आणि प्रत्येक मॉड्यूलपासून संचाचा वेगळा प्रकार तयार होतो. स्कालामध्ये एकाच प्रकारासाठी अनेक क्रम बाळगता येतात. ही मोकळीक सोयीची असली, तरी दोन क्रमांची सरमिसळ टाळण्याची जबाबदारी बरीचशी लिहिणाऱ्यावर राहते.

अट किती आणि कोठे

अटींविषयी अनुभवी प्रोग्रॅमर दोन पथ्ये पाळतात. पहिले, कामाला लागेल तेवढीच अट घालावी. केवळ समानता पुरत असताना ‘ऑर्ड’ मागितले, तर क्रम नसलेले प्रकार विनाकारण बाहेर राहतात, आणि स्वाक्षरी वाचणाऱ्याला फंक्शन आत कोठेतरी क्रम लावत असल्याचा चुकीचा संकेत मिळतो.

दुसरे पथ्य म्हणजे अट माहितीच्या रचनेवर न घालता, तिची गरज असलेल्या फंक्शनावर घालावी. हॅस्केलच्या जुन्या आवृत्त्यांत रचनेच्या व्याख्येतच अट लिहिण्याची सोय होती. संच घडवताना ‘घटकांना क्रम हवा’ असे एकदा लिहिले की प्रत्येक फंक्शनात ते पुन्हा लिहावे लागणार नाही, अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात तसे होत नव्हते. त्या संचाची रचना उलगडून पाहणाऱ्या प्रत्येक फंक्शनाला, क्रमाची गरज नसली तरी, अट लिहावी लागे. ही सोय पुढे चूक मानली गेली आणि ती टाळण्याचा सल्ला रूढ झाला.

अटीची किंमतही असते. यादीतील प्रत्येक घटकावर एखादे फंक्शन चालवून नवी यादी मिळवणे, ही क्रिया हॅस्केलमध्ये ‘फंक्टर’ या वर्गात येते. त्या वर्गाच्या स्वाक्षरीत निकालाचा प्रकार कोणताही असू शकतो, त्याला अट नाही. प्रमाणित लायब्ररीतील संचाला मात्र निकालाचे घटक पुन्हा क्रमाने ठेवावे लागतात, म्हणून ‘ऑर्ड’ हवेच. परिणामी यादी फंक्टर आहे आणि संच नाही. संचासाठी तेच काम करणारे फंक्शन वेगळे ठेवावे लागले.

कंपायलरच्या पलीकडचे

क्रिया लिहिल्या आहेत की नाहीत, एवढेच कंपायलर पाहतो. त्या शहाणपणाने लिहिल्या आहेत का, हे तो पाहत नाही. समानता म्हटली की प्रत्येक वस्तू स्वतःशी समान असावी. क्रम म्हटला की अ हा ब-च्या आधी आणि ब हा क-च्या आधी असेल, तर अ हा क-च्या आधी असावा. हे नियम पाळण्याची हमी इन्स्टन्स लिहिणाऱ्याने द्यायची असते. प्रचलित दशांश आकड्यांच्या मानकातच एक अपवाद आहे. शून्याला शून्याने भागल्यावर मिळणारे ‘आकडा नव्हे’ हे मूल्य स्वतःशीही समान नसते. रस्ट भाषेने म्हणून अशा आकड्यांना संपूर्ण क्रमाच्या वर्गात प्रवेश दिला नाही, अंशतः क्रमाच्या वर्गात दिला. तेथे दशांश आकड्यांची यादी लावायची तर तुलना कशी करावी हे लिहिणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते.

देवनागरीतही याचा प्रत्यय येतो. मध्य प्रदेशातील छिंदवाड़ा हे नाव हिंदीत नुक्त्यासह लिहितात. त्यातील ‘ड़’ हे एक सबंध अक्षर म्हणून साठवता येते किंवा ‘ड’ आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन खुणांनीही. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात, पण क्रमांकांची तुलना केल्यास ती भिन्न ठरतात. म्हणून तुलनेपूर्वी मजकूर एका ठरलेल्या रूपात आणावा लागतो. हे रूपांतर झालेल्या मजकुराला स्वतंत्र प्रकार दिला आणि तोच प्रकार शोध घेणाऱ्या फंक्शनाने मागितला, तर रूपांतर विसरण्याची शक्यताच उरत नाही.

इतर भाषांत प्रसार

प्रकारचलांना अट घालण्याची गरज फंक्शनल भाषांपुरती राहिली नाही. बार्बरा लिस्कॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये घडवलेल्या क्लू या भाषेत, प्रकाराकडे कोणत्या क्रिया असाव्यात हे नोंदवण्याची सोय होती. २००४ मध्ये जावा भाषेत जेनेरिक रचना आली. तिचा पाया घालणाऱ्यांत वॅडलर होते. सी शार्पमध्ये ती २००५ मध्ये आली. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्टमधील ‘ट्रेट’ची कल्पना टाइप क्लासच्या जवळची आहे. गो या भाषेने दीर्घ चर्चेनंतर मार्च २०२२ मध्ये जेनेरिक फंक्शने आणि त्यांच्या अटी स्वीकारल्या. त्या भाषेच्या जेनेरिक रचनेचा गणिती अभ्यास करणाऱ्या गटातही वॅडलर होते.

‘भोपाळ’ आणि ‘भोपाल’ समान आहेत का, या प्रश्नाचे उत्तर यांतील कोणतीही भाषा देत नाही. रेल्वेच्या चौकशीसाठी ती समान मानणे योग्य ठरेल. मराठी शब्दकोशाच्या संपादकाला ती भिन्न ठेवावी लागतील, कारण मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’ यांचे अर्थ वेगळे आहेत. निर्णय माणसाचाच आहे. स्वाक्षरीत लिहिलेली अट तो निर्णय घ्यायला भाग पाडते, इन्स्टन्स तो एका जागी नोंदवतो, आणि कंपायलर तो सर्वत्र पाळला जातो की नाही ते पाहतो. जेथे असा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो, तेथे अक्षरांचे क्रमांक तो परस्पर घेऊन टाकतात.